दिवसा अंथरलेली गादी

सिंधूकाकू दुखणं पंपात मोजायच्या. "आज अर्धा पंप हाये" म्हणजे दिवस निभावेल. "आज भरेल पंप हाये" म्हणजे त्यांच्याशी कोणी फार बोलू नये. रिकामा पंप मी त्यांच्याकडे राहत होतो त्या तीन वर्षांत मोजक्याच वेळा ऐकला. हा पंप फवारणीचा, पाठीवर बांधायचा, सोळा लिटरचा. नवरा गेल्यावर तीन एकर सोयाबीन-तुरीत त्यांनी तो नऊ वर्षं स्वतःच्या पाठीवर वागवला. बाईमाणसानं औषध फवारू नये, असं गावातल्या अनेकांनी त्यांना सांगितलं होतं. सांगणाऱ्यांपैकी कोणीही एकदासुद्धा पंप घेऊन त्यांच्या शेतात उतरला नाही.

पंप सुटला, पाठ गेली ती गेलीच. कमरेतून डाव्या मांडीत उतरणारी कळ अकरा वर्षं तशीच होती. कामरगावला एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा त्या पंचावन्नच्या आसपास असाव्यात. उंच, सडपातळ, चालताना किंचित उजवीकडे कललेल्या. खाली बसत नसत. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहत आणि तशाच उभ्यानं भाजी निवडत, पेपर वाचत, सुनेला सूचना देत. नव्या माणसाला वाटे, बाई दारात पहारा देते आहे.

कुठल्याही घरी गेल्या की बसण्याआधी त्या दिवाणावर हाताचं कोपर रोवत. तळहात नाही, कोपर. मग निकाल देत. एकदा एका घरी दुःखाची भेट घ्यायला गेल्या होत्या. रडणं ओसरल्यावर घरच्या बाईनं बसा म्हटलं. काकूंनी कोपर रोवलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "याच्यात काथ्या हाये. दोन वर्सांत दबते. बदलून घ्या." घरच्यांना राग आला नाही, कारण काकू खोटं बोलत नाहीत हे ठाऊक होतं. पण ही गोष्ट गावभर फिरली आणि त्यांना 'गादीवाल्या काकू' हे नाव पडलं.

नाव हसण्यासाठी होतं. न दिसणाऱ्या दुखण्याची आपल्याकडे एवढीच किंमत होते. हाताला प्लास्टर असतं तर लोकांनी डबे आणून दिले असते. काकूंच्या अंगावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. चालत होत्या, बोलत होत्या, वेळेवर टोमणाही मारत होत्या. म्हणजे दुखत नसणार, असा हिशेब. शेजारच्या म्हाताऱ्या पार्वताबाई तर तोंडावर म्हणत, "आमच्या वक्ती कोनाची कंबर दुखली वं? झोपाले गादी पायजे म्हने."

"दुखली असंन मावशी," काकू म्हणायच्या. "कोनी इचारलं नसंन."

विचारलं नाही, हे त्यांचं मुख्य गाऱ्हाणं होतं. जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी फोटो काढायला लावले, गोळ्या लिहिल्या आणि खाली एक ओळ लिहिली : कडक जागेवर झोपणे. दुखणं एक ते दहामध्ये किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकूंनी पंपात उत्तर दिलं. डॉक्टर हसले, आकडा त्यांनी स्वतःच टाकला. निघताना काकूंनी विचारलं, "डॉक्टरसायेब, तुमी कायच्यावर झोपता?" ते पुन्हा हसले.

घरच्यांनी मात्र ती ओळ आज्ञेसारखी पाळली. गोठ्याच्या जुन्या दाराची एक फळी निखळून पडलेली होती. मुलगा प्रमोद यानं ती धुतली, घासली आणि खाटेवर टाकली. बिजागरीची भोकं तशीच होती. त्यावर एक सतरंजी. दोन वर्षं काकू त्या दारावर झोपल्या. कंबर होती तशीच राहिली; खुब्याला आणि खांद्याला नवीन दुखणं लागलं. त्यांनी तसं सांगितलं की उत्तर ठरलेलं असे : डॉक्टरनं सांगितलं हाये. ज्यानं एकदा पाहिलं त्याचा शब्द खरा आणि जी रोज झोपते तिचा खोटा, हे त्या घरात कोणाला विचित्र वाटत नव्हतं.

पुढे कारंज्याला एका शिबिरात व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिनं काकूंना आधी एक प्रश्न केला : "तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?" काकू सांगत, आपल्याला एकदम रडूच आलं. डावी कुस दुखते म्हणून उजवीवर, असं त्यांनी सांगितलं. मुलीनं टेबलावर आडवं करून दाखवलं : कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा थोडा आत गेला पाहिजे, कमरेखाली पोकळी राहता कामा नये, फळीवर ते होणार नाही, आणि कापसाच्या ढिल्या गादीत सगळंच बुडेल. घरी आल्यावर काकूंनी फळी स्वतः ओढत गोठ्यात नेऊन टाकली. पुढचे कित्येक दिवस त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "त्या पोरीनं इचारलं."

गादी घ्यायची ठरली ती काकूंच्या दोन बकऱ्या विकून. खरेदीला प्रमोदची बायको मनीषा सोबत होती, आणि मलाही कारंज्याला काम होतं. दुकान मोठं होतं, पंख्याखाली गाद्यांची थप्पी. दुकानदारानं सवयीनं एका गादीवर हात आपटून दाखवला.

"दाबून पाहा बाई. ऑर्थो आहे. पाठदुखीसाठीच बनवलेली."

काकूंनी कोपर रोवलं. मग चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि त्या गादीवर उजव्या कुशीवर आडव्या झाल्या.

दुकानदार गडबडला. "हातानं पाहतात सगळे. झोपायची गरज नाही."

"मी हातानं नाई झोपत," काकू डोळे मिटून म्हणाल्या.

भर दुपारी, परक्या पुरुषांसमोर दुकानात बाई आडवी झालेली कारंज्यानं पाहिली नसावी. दोन गिऱ्हाइकं दारातच थांबली. समोरच्या चहावाल्यानं मान लांब केली. मनीषा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "बाई, लोक येतात-जातात."

"येऊ द्या ना. मी चोरून झोपून राह्यली का?"

दहा मिनिटांनी त्या उठल्या. निकाल दिला : "हे फळीच हाये. वरून फुलाफुलाचा कपडा चढवला." दुसरी पाहिली, तिच्यात बुडाल्या, उठायला मनीषाचा हात लागला. तिसरीवर अर्धा तास. आठवडाभरानं त्या पुन्हा गेल्या आणि आणखी दोन पाहिल्या. शेवटी घेतली ती तिसरीच. तिच्यावर पाठदुखीचा शिक्का नव्हता, ती स्वस्त होती, आणि दुकानदार ती दाखवायलाही तयार नव्हता. त्याला अपमान वाटला असावा. पावती देताना तो म्हणाला, "चार तज्ज्ञांनी बनवलेली सोडून ही नेता?"

"त्यायले सांगा, माह्या घरी येऊन झोपा."

गादी आली. पहिल्या दोन रात्री प्लास्टिक काढायचं नाही यावर प्रमोद अडून बसला. डाग पडला तर कंपनी बदलून देत नाही. एप्रिलचा महिना. काकू त्या प्लास्टिकवर घामाच्या पाण्यात झोपल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी विळीनं ते कापलं. प्रमोदनं मग काळ्या पेननं कोपऱ्यावर नाव लिहिलं : प्रमोद. बकऱ्या काकूंच्या, पाठ काकूंची, नाव त्याचं. मी त्याला विचारलं, तर तो गोंधळला. "घराचं नाव तेच लागते ना भाऊ," म्हणाला. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. हेतू नसतानाच अशा गोष्टी होतात आणि म्हणून त्या कोणाला दिसत नाहीत.

चौथ्या दिवशी दूधवाला येऊन गेला तरी काकू उठल्या नाहीत. एरवी त्या त्याच्याआधी अंगणात येरझाऱ्या घालत असत. मनीषानं घाबरून त्यांच्या पायाला हात लावून पाहिला, गरम आहे का. काकूंनी डोळे उघडले. "जित्ती हाये. सहा घंटे झोपली मी, पोरी. मधात उठली नाई." त्या दिवशी पंप रिकामा होता.

दुपारी त्यांना तासभर आडवं व्हावं लागे, म्हणून गादी दिवसभर अंथरलेली राहू लागली. हेही गावाला खटकलं. दिवसा अंथरूण पसरून ठेवलेलं घर म्हणजे आजाऱ्याचं किंवा मेलेल्याचं. पार्वताबाई सांगायला आल्या, दिवसा अंथरूण दिसलं की घरात आजार शिरते.

"आलेलाच हाये मावशी," काकू म्हणाल्या. "मंग तो कुठं झोपीन?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं. जानोशाचं तसं गेलं नाही.

आमच्याकडे लग्नात वरपक्षाच्या मुक्कामाची जी जागा, तो जानोसा. शाळेची खोली, समाजमंदिर, नाहीतर कोणाचं रिकामं घर. बिछायतवाला सतरंज्या आणतो, गाद्याही आणतो. पण त्या दहा लग्नांत लोळलेल्या. म्हणून नवरदेव, त्याचा बाप आणि मामा यांच्यासाठी गावातल्या चांगल्या गाद्या घरोघरून उचलायच्या, अशी रीत. मागायचं नसतं, निरोप द्यायचा असतो. नाही म्हणायचं नसतं; नाही म्हणणारा लग्नात आडवा आला असं होतं. गादीच्या कोपऱ्यावर नाव असतं ते यासाठीच, परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून. गावातल्या पोरींची लग्नं अशीच निभावली आहेत आणि या रीतीत मोठेपणा आहे, हे मान्य. फक्त तिच्यात अंथरुणावाचून ज्याचं निभत नाही अशा माणसासाठी जागा ठेवलेली नाही.

मे महिन्यात काकू औषधाला कारंज्याला गेल्या होत्या. संध्याकाळी परत आल्या तर खाट उघडी. प्रमोद म्हणाला, "जानोशाले देल्ली. दोन दिवसांची गोठ हाये माय."

"मले इचारलं?"

"इचाराचं काय त्याच्यात? लगन हाये लोकाइचं."

गादी चौथ्या दिवशी आली. ट्रॉलीत बाकी सामानाखाली दुमडून, वरून दोरीनं आवळून. एका बाजूला पानाची पिंक, दुसऱ्या बाजूला मेंदी. उलगडल्यावर मधोमध आडवी घडी पडलेली होती; आतला फोम तुटला होता. नवरीचा बाप स्वतः आभार मानायला आला. नवरदेव मस्त झोपला, म्हणाला. काकू चौकटीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी चहा करायला सांगितला.

त्या खड्ड्यात त्यांनी जुनं लुगडं घडी करून घातलं. सहा तासांची झोप चारवर आली. प्रमोदला त्यांनी एवढंच सांगितलं, "आता हे घराच्या भाईर नाई जात."

पण लग्नसराई संपली नव्हती. जूनच्या सुरुवातीला दिगांबरभाऊंच्या मुलीचं लग्न निघालं. दिगांबरभाऊ म्हणजे गावातलं वजन. त्यांच्या कृषी केंद्रावर प्रमोद कामाला होता. निरोप आला. प्रमोदनं आईकडे पाहिलं, आईनं नाही म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा निरोप आला आणि त्यात प्रमोदला शरम वाटावी अशी व्यवस्था होती : "तुले जमत नसंन तं सांग बे, दुसरा मानूस पाह्यतो." गादीसाठी की कामासाठी, ते स्पष्ट केलेलं नव्हतं.

बोअरवेलवर बायका बोलू लागल्या, गादीवालीनं लग्न अडवलं. कोणी म्हणालं, तिला भरल्या घरचं सुख पाहवत नाही. प्रमोद आईशी भांडला, मग रडकुंडीला आला. "माही नोकरी जाईन माय. दोन दिवस फळीवर झोपशील तं काय मरशील का?"

काकूंनी गादीच्या खड्ड्यातलं लुगडं सारखं केलं. मग म्हणाल्या, "मरत नाई ना, तेच तं दुखनं हाये."

लग्नाच्या आदल्या सकाळी चार जण आले. दिगांबरभाऊंचा पुतण्या पुढे. प्रमोद अंगणातच थांबला, आत आला नाही. मी मागच्या दारात होतो. काकू गादीवर आडव्या होत्या, उजव्या कुशीवर.

पुतण्या नरमाईनं बोलला. "काकू, उठा ना जरा. गादी न्याची हाये. परवा सकाळी आनून देतो, काई डाग लागू देत नाई."

"न्या."

"तुमी उठा तं खरं."

"उठनं होत नाई. आज भरेल पंप हाये." काकू उताण्या झाल्या, हात अंगाशी घेतले आणि पाय सरळ केले. "तुमी चार जन हाये. एकेक कोपरा धरा. अशीच न्या मले जानोशाले."

चौघांनी खरोखरच एकेक कोपरा धरला. तरुण होते, अंगात ताकद होती, बाई हलकी. धमकीला भीक घालायची नाही असं त्यांच्या मनात असावं. पुतण्यानं 'हं' म्हटलं. गादी खाटेवरून वीतभर उचलली गेली आणि तेवढ्यात मागच्या एकानं कोपरा सोडला. त्याला काय दिसलं ते बाकीच्यांनाही दिसलं : सरळ झोपलेली बाई, चार कोपऱ्यांना चार पुरुष, दार समोर. आणि बाहेर अंगणात तिचा एकुलता एक मुलगा उभा. लग्नघरातून निघून असं ओझं उचलायला आलो, हे कोणालाही बोलावं लागलं नाही. चौघांनी गादी खाली ठेवली. ज्यानं आधी कोपरा सोडला होता त्यानं बाहेर जाऊन नळावर पाय धुतले. पुतण्या दारातून मागे वळून म्हणाला, "काकू, असं अभद्र नाई कराव."

"मी झोपली होती बापा," काकू म्हणाल्या. "उचलाले तुमी आले."

बातमी लिहावी असं मला वाटलं. मी ती लिहून पाठवली. मुख्यालयातून फोन आला : यात तक्रार कोणाची आहे, गुन्हा कोणता? गादी न्यायला आले आणि न नेता गेले, ही बातमी होत नाही. एका बाईला स्वतःच्या अंथरुणावर झोपून राहण्यासाठी मेल्याचं सोंग घ्यावं लागलं, हे कोणत्या सदरात बसवायचं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

परिणाम झाले. दिगांबरभाऊंच्या घरून जेवणाचं बोलावणं आलं नाही. अख्खं गाव जेवून आलं, यांच्या घरी तेवढी चूल पेटली. काकू म्हणाल्या, "पंगतीत मांडी घालून बसा लागते. मले कुठं बसता येते? बरं झालं, त्यायनंच सोडवलं." प्रमोदला महिनाभर कामावर बोलावलं नाही. तो आईशी बोलत नव्हता. मनीषा मधल्यामध्ये निरोप पोचवत होती. महिन्यानं कृषी केंद्रावर पेरणीची गर्दी झाली, माणूस पुरेना, तेव्हा त्याला बोलावणं आलं; कोणी माफी मागितली नाही, कोणी दिलीही नाही. मात्र काकूंच्या गादीसाठी पुन्हा कोणाचा निरोप आला नाही. तो भीतीचा मान होता. ज्या दुखण्याला अकरा वर्षांत कोणी मान दिला नाही, त्याला अपशकुनाच्या धाकानं तो मिळाला. आम्ही पुरुष दुखण्याला नाही, तिरडीला घाबरतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी ते पाहिलं आहे.

माझी बदली दिवाळीनंतर झाली. सामान घेऊन स्टँडवर उभा होतो, तेव्हा काकूंना शेवटचं पाहिलं. त्या मंगरूळपीरला मुलीच्या बाळंतपणासाठी निघाल्या होत्या. महिनाभर राहायचं होतं, म्हणून गादी सोबत. जीप भरलेली, टपावर आधीच पोती. ड्रायव्हर कुरकुरत होता की एवढी लांब वस्तू टपावर बसत नाही, दुमडून टाकतो.

टपावर प्रमोद चढलेला होता. त्यानं पोती स्वतःच्या हातानं कडेला सारली आणि गादी लांबवर अंथरली. "दुमडाची नाई," तो ड्रायव्हरला म्हणाला. "तुटते ते मधातून. दोरीही ढिली बांध." दोन हात गादी मागे बाहेर लोंबत होती. प्रमोदनं खिशातला रुमाल काढून तिच्या टोकाला बांधला, मागच्या गाडीला दिसावा म्हणून.

पानठेल्यावरून कोणीतरी आवाज दिला, "काकू, जानोशाले चालली का गादी?"

काकू जीपच्या दाराला धरून उभ्या होत्या, बसल्या नव्हत्या. "हो बापा," त्या म्हणाल्या. "यंदा नवरदेव मीच हाव."

ठेल्यावरचे हसले. प्रमोद हसला नाही. तो टपावरून उतरला आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला म्हणाला, "दादा, मांगं बसता का? माह्या मायची कंबर दुखते."

त्या माणसानं काकूंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काही दिसलं नाही. तरी तो उठला.